घटक ६ : ‘पुढे ढकलण्यात आली’ – क्रियापदबंध आणि कर्मणी रचना

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• क्रियापदबंध म्हणजे काय व त्याचे प्रकार कोणते, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• ‘झाले’, ‘केले गेले’ आणि ‘करण्यात आले’ या तीन रचनांमधील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• कर्ता वाक्यातून वगळला तरी त्याच्या कोणत्या खुणा क्रियापदात उरतात, हे ओळखता येईल.
• इंग्रजी कर्मणी वाक्यांचे मराठी रूपांतर करताना होणाऱ्या चुका टाळता येतील.
• कार्यालयीन पत्रातील वाक्य वाचून त्यामागचा कर्ता शोधणारा प्रश्न विचारता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन प्रयोगांचा परिचय करून घेतला. या घटकात आपण त्याच विषयाच्या एका अशा भागाकडे वळणार आहोत, ज्याचा तुमच्या रोजच्या जीवनाशी थेट संबंध आहे.

वर्धा जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर काही वर्षांपूर्वी संपर्कसत्र चालू असताना समुद्रपूर तालुक्यातील एक विद्यार्थी वर्गानंतर थांबला. वय चाळिशीच्या पुढचे, घरी सहा एकर कोरडवाहू शेती. त्याच्या हातात दोन कागद होते. पहिला कागद एका कार्यालयाचा होता व त्यात पीकनुकसानीच्या मदतीसंबंधी एक वाक्य होते : ‘आपले नाव पात्र लाभार्थ्यांच्या यादीतून वगळण्यात आले आहे.’ दुसरा कागद त्याने स्वतः लिहिलेल्या अर्जाची प्रत होती. त्यात त्याने लिहिले होते : ‘माझे नाव यादीत राहून गेले आहे, तरी कृपया ते घालून मिळावे.’ या अर्जाला कोणतेही उत्तर आले नव्हते. ‘सर, काही चुकलं का लिहिण्यात?’ असे त्याने विचारले.

शुद्धलेखनाची एकही चूक त्याच्या अर्जात नव्हती. चूक व्याकरणात होती, आणि तीही अशा ठिकाणी, जिथे आपण ती शोधत नाही. कार्यालय म्हणत होते की नाव कोणीतरी वगळले. अर्जदार म्हणत होता की नाव आपोआप राहिले. दोघांची क्रियापदे वेगळी होती, म्हणून दोघे वेगवेगळ्या घटनांविषयी बोलत होते. जे नाव निर्णय घेऊन काढले गेले आहे, ते नजरचुकीने सुटले असे समजून केलेली विनंती योग्य टेबलापर्यंत पोहोचणार कशी?

या घटकाचे सारे विवेचन या दोन कागदांतील अंतराभोवती आहे.

६.२ क्रियापदबंध : स्वरूप आणि प्रकार

इंग्रजीत ‘पुट’ या क्रियापदाचा अर्थ ठेवणे आणि ‘पुट ऑफ’ याचा अर्थ लांबणीवर टाकणे. मूळ क्रियापदाला एक छोटा शब्द जोडला की अर्थ पालटतो. ‘कॉल’ म्हणजे बोलावणे, पण ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी अशी क्रियापदे दिवसभर असतात आणि ती कर्मणीतही तितक्याच सहजपणे येतात : ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’, ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’.

ही सोय केवळ इंग्रजीत आहे असे समजू नका. मराठीतही दोन शब्द मिळून एक क्रिया सांगणारे अनेक समूह आहेत. या घटकापुरते आपण त्यांना ‘क्रियापदबंध’ म्हणू. त्यांचे तीन प्रकार करता येतात.

(अ) स्थलवाचक क्रियाविशेषण + क्रियापद : पुढे ढकलणे, मागे घेणे, बाहेर काढणे. ‘सभा पुढे ढकलली’ यात सभेला कोणी धक्का दिलेला नाही. ‘तक्रार मागे घेतली’ यात कोणतीही वस्तू हातात आलेली नाही. ‘पुट ऑफ’ला जवळचा मराठी नमुना हाच. आपल्या भागात हेच ‘पेपर समोर ढकलला’ असे ऐकू येते, कारण वैदर्भी बोलीत ‘पुढे’च्या जागी ‘समोर’ वापरतात.

(आ) ‘ऊन’प्रत्ययान्त धातुसाधित + क्रियापद : काढून टाकणे, फेटाळून लावणे, बोलावून घेणे, सोडून देणे. परंपरागत व्याकरणात ‘संयुक्त क्रियापद’ ही संज्ञा धातुसाधित आणि साहाय्यक क्रियापद यांच्या अशा संयोगांना लावली जाते. येथे एक कसोटी लक्षात ठेवा. ‘त्याने पत्र फाडून टाकले’ यात क्रिया एकच, फाडण्याची. ‘तो पत्र वाचून गेला’ यात क्रिया दोन, आधी वाचणे आणि मग जाणे. म्हणून पहिले संयुक्त क्रियापद आहे, दुसरे नाही.

(इ) नाम किंवा विशेषण + क्रियापद : निकाली काढणे, मोडीत काढणे, हाती घेणे, दखल घेणे, रद्द करणे. यांतील पुष्कळ बंध वाक्प्रचार म्हणून तुम्हाला परिचित आहेत.

हे तिन्ही प्रकार कर्मणी रचनेत येऊ शकतात : ‘परीक्षा पुढे ढकलण्यात आली’, ‘अर्ज फेटाळून लावण्यात आला’, ‘प्रकरण निकाली काढण्यात आले’. तुमच्या हातात येणाऱ्या सूचनापत्रांत हीच वाक्ये सर्वाधिक असतात.

६.३ ‘प्रयोग’ आणि कर्तृलोप : एक आवश्यक भेद

पुढे जाण्यापूर्वी एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य आपण कर्मणी प्रयोगाचे म्हणतो, कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते : आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, फळ खाल्ले. परंतु या वाक्यात राम आपल्या जागी ठळकपणे उभा आहे. इंग्रजीतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’मध्ये कर्त्याचे महत्त्व कमी होते. येथे तसे काही झालेले नाही.

मराठी व्याकरणातील ‘प्रयोग’ हा मुख्यतः कर्ता, कर्म व क्रियापद यांच्या मेळाचा विचार आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथापर्यंत आणि त्यानंतरही या विचाराची दीर्घ चर्चा झाली. कर्त्याला बाजूला सारणारी, ‘कडून’ आणि ‘जाणे’ यांनी बनणारी रचना शालेय व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ या नावाने शिकवतात व तिचा संबंध इंग्रजीच्या प्रभावाशी जोडतात.

‘नवीन’ या विशेषणावरून पूर्वीच्या मराठीत अशी सोयच नव्हती असा समज मात्र करून घेऊ नये. प्राचीन मराठीत क्रियापदाला ‘इजे’ हा प्रत्यय लागून कर्मणी रूपे होत असत : ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘बोलिजे’ म्हणजे बोलले जाते. व्याकरणाच्या पुस्तकांत यालाच ‘पुराण कर्मणी’ म्हणतात. ही रूपे वापरातून गेली, पण त्यांतील दोन आजही तुमच्या तोंडी दिवसातून अनेकदा येतात : ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’. ‘म्हणजे’ हे मूळचे ‘म्हणिजे’, अर्थात ‘म्हटले जाते’. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे कर्मणी रूप. ज्याची वाट पाहिली जाते, जे शोधले जाते, ते ‘पाहिजे’. ‘मला चहा पाहिजे’ या वाक्यात ‘मी’ कर्ता का नाही आणि ‘पाहिजे’चे रूप ‘पाहतो’प्रमाणे का चालत नाही, याचे उत्तर या इतिहासात आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) ‘आईने भाकरी भाजली’ या वाक्यात कर्मणी प्रयोग आहे, पण कर्तृलोप नाही. स्पष्ट करा.
(२) पुढील वाक्यांतील संयुक्त क्रियापद कोणत्या वाक्यात आहे? (क) बाबा जेवून झोपले. (ख) बाबांनी जुनी खुर्ची विकून टाकली.

६.४ तीन पायऱ्या : झाले, केले गेले, करण्यात आले

कर्ता न सांगता घटना सांगण्याचे मराठीत तीन प्रमुख मार्ग आहेत. सूक्ष्मपणे पाहिले तर ते तीन पायऱ्यांसारखे आहेत.

पहिली पायरी : अकर्मक क्रियापद. मराठीत सकर्मक–अकर्मक धातूंच्या जोड्या विपुल आहेत : फोडणे–फुटणे, तोडणे–तुटणे, मोडणे–मोडणे, सोडणे–सुटणे, भिजवणे–भिजणे. ‘कप फुटला’, ‘कापूस भिजला’, ‘नाव राहून गेले’, ‘लाइन गेली’ या वाक्यांत कर्ता लपवलेला नाही. तो आहे अशी कल्पनाच वाक्य करत नाही. घटना घडली, एवढेच. शेवटच्या उदाहरणातील ‘लाइन’ म्हणजे वीज, हे आपल्या भागातील वाचकांना सांगणे नको.

दुसरी पायरी : भूतकालवाचक रूप + जाणे. ‘नाव वगळले गेले’, ‘तो अपघातात मारला गेला’, ‘शेतकरी भरडला गेला’. येथे बाहेरून काहीतरी येऊन आदळले आहे, एवढे नक्की. ते माणसाचे कृत्य असेल किंवा परिस्थितीचे. रचना दोन्हींना जागा देते. अपघातात कोणाचाच हेतू नसतो, तरी ‘मारला गेला’ शोभते.

तिसरी पायरी : ‘ण्यात’ + येणे. ‘नाव वगळण्यात आले’, ‘वीजपुरवठा खंडित करण्यात आला’. येथे कर्ता अदृश्य असला तरी तो असलाच पाहिजे, आणि तो माणूस किंवा माणसांची संस्थाच असली पाहिजे. याची परीक्षा सोपी आहे. पुढील वाक्ये मोठ्याने वाचा :

‘वादळात झाड मोडण्यात आले.’
‘अवकाळी पावसात कापूस भिजवण्यात आला.’

दोन्ही वाक्ये कानाला खटकतात. झाड कोणी मुद्दाम मोडले, कापूस कोणी मुद्दाम भिजवला, असा विपरीत अर्थ त्यांतून निघतो. वाऱ्याला आणि पावसाला ‘ण्यात येणे’ चालत नाही.

वणा नदीच्या काठच्या शेताचे उदाहरण घेऊन तिन्ही पायऱ्यांचे अंतर पाहू. ‘गंजी वाहून गेली’ म्हणजे पूर आला आणि गंजी गेली. हे संयुक्त क्रियापद अकर्मक आहे, दोषाचा प्रश्न नाही. ‘गंजी वाहून नेली गेली’ म्हटले की ती नेणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते, पाणी किंवा माणूस. ‘गंजी वाहून नेण्यात आली’ म्हटले की पूर दृश्यातून नाहीसा होतो. आता कोणीतरी बैलगाडी जुंपलेली आहे.

येथे एक अपवाद नोंदवला पाहिजे. ऐकणे, पाहणे, वाचणे यांसारख्या क्रियापदांत ‘ण्यात येणे’ वेगळा अर्थ देते : ‘असे माझ्या ऐकण्यात आले’, ‘तो लेख माझ्या पाहण्यात आला’. येथे हेतू नाही. अनुभव आपण होऊन आला आहे. कर्ता ‘माझ्या’ अशा षष्ठीच्या रूपात येतो, ही या रचनेची खूण. ‘माझ्या वगळण्यात आले’ असे कोणी म्हणत नाही, यावरून दोन्ही रचना निराळ्या आहेत हे सिद्ध होते.

मनुष्यवाचक कर्म असेल तेव्हा आणखी एक भेद दिसतो. ‘तो मारला गेला’ म्हणजे त्याचा मृत्यू झाला. ‘त्याला मारले गेले’ म्हणजे कोणीतरी त्याच्यावर हात टाकला. ‘ला’ प्रत्यय टिकून राहिला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होते : ‘विद्यार्थिनींना बोलावून घेण्यात आले’. येथे ‘आल्या’ असे लिहिणे चूक आहे, आणि ही चूक उत्तरपत्रिकांत फार आढळते.

आता समुद्रपूरच्या विद्यार्थ्याकडे परत या. ‘राहून गेले’ ही पहिली पायरी, ‘वगळण्यात आले’ ही तिसरी. कर्मणी रचना कर्ता लपवते, असे आपण नेहमी ऐकतो व ते खरेही आहे. परंतु ‘ण्यात आले’ ही रचना कर्त्याचे नाव लपवताना त्याचे अस्तित्व कबूल करते. हे काम आपोआप घडले नाही, कोणीतरी केले आहे, हे कार्यालयाने स्वतःच्याच वाक्यात लिहून दिलेले असते. वाचकाला ते वाचता आले पाहिजे.

६.५ दुसऱ्या क्रियापदात उरलेला कर्ता

संयुक्त क्रियापदातील दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ सोडते, पण रिकामे होत नाही. ‘फाडून टाकले’ यात ‘टाकणे’ म्हणजे फेकणे नव्हे. क्रिया पूर्ण केली आणि त्या गोष्टीपासून सुटका करून घेतली, ही छटा तेथे आहे. ‘देणे’ दुसऱ्याच्या दिशेने जाते : समजावून दिले, सोडून दिले. ‘घेणे’ स्वतःकडे वळते : विचारून घेतले, मागून घेतले. ‘ठेवणे’ पुढील उपयोगासाठी राखते : सांगून ठेवले, कापून ठेवले. ‘लावणे’ पिटाळते : हाकलून लावले, फेटाळून लावले.

आता ही क्रियापदे कर्मणीत घाला. कर्ता निघून जातो, छटा मात्र उरते.

‘मागणी फेटाळण्यात आली’ – निर्णय झाला.
‘मागणी फेटाळून लावण्यात आली’ – निर्णय तर झालाच, मागणीला किंमतही दिली नाही.

‘कामगारांना कमी करण्यात आले’ – संख्या घटली.
‘कामगारांना काढून टाकण्यात आले’ – ते नकोसे होते.

वाक्यात नसलेल्या माणसाची वृत्ती दुसऱ्या क्रियापदात अशी मागे राहते. वृत्तपत्रातील मथळा वाचताना किंवा एखाद्या सभेचे इतिवृत्त लिहिताना हे ध्यानात ठेवा. कर्ता न लिहिल्यामुळे लेखन तटस्थ होते, असा समज आहे. ‘लावण्यात’ आणि ‘टाकण्यात’ हे शब्द तो समज खोटा ठरवतात.

‘घेणे’ या क्रियापदाकडे विशेष लक्ष द्या. ‘सही करण्यात आली’ या वाक्यात सही करणारा एक माणूस आहे. ‘सही करून घेण्यात आली’ या वाक्यात दोन माणसे आहेत : एक सही करणारा आणि दुसरा ती करवणारा. वाक्याचा खरा कर्ता दुसरा आहे. ‘जबाब लिहून घेण्यात आला’, ‘कोऱ्या कागदावर अंगठा घेण्यात आला’ यांतही तसेच आहे. बोलणारा एक, लिहून घेणारा दुसरा. ज्याची सही आहे तोच कर्ता, असे समजून आपण पुष्कळदा कागद वाचतो आणि चुकतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) ‘विहीर खचण्यात आली’ हे वाक्य अयोग्य का आहे? ते दुरुस्त करा.
(२) ‘माहिती देण्यात आली’ आणि ‘माहिती काढून घेण्यात आली’ या वाक्यांतील अर्थभेद सांगा.

६.६ ‘कडून’चे दोन चेहरे

कर्मणी वाक्यात कर्ता सांगायचा झाल्यास आपण ‘कडून’ वापरतो : ‘विद्यापीठाकडून परीक्षा पुढे ढकलण्यात आली’. येथे ‘कडून’ अधिकार दाखवते. परंतु घरात आपण ‘माझ्याकडून कप फुटला’, ‘माझ्याकडून चूक झाली’ असे म्हणतो. येथे तेच ‘कडून’ हेतूचा अभाव दाखवते. ‘मी कप फोडला’ आणि ‘माझ्याकडून कप फुटला’ यांतील अंतर लहान मुलालाही कळते, म्हणूनच ते दुसरे वाक्य निवडते.

भेद क्रियापदात आहे. अकर्मक क्रियापदाबरोबर ‘कडून’ आले की नकळत घडल्याचा अर्थ येतो. सकर्मक क्रियापदाच्या ‘ण्यात येणे’ रचनेबरोबर आले की जबाबदार कर्ता समजतो. म्हणून ‘आमच्याकडून आपले नाव सुटले’ हे क्षमायाचनेचे वाक्य आहे आणि ‘आमच्याकडून आपले नाव वगळण्यात आले’ हे निर्णयाचे.

हिंदीच्या सान्निध्यामुळे आपल्या भागातील लेखनात ‘द्वारा’ आणि ‘द्वारे’ यांचा वापर बराच दिसतो. १९५६पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९३६मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे मुख्यालयही वर्ध्यातच आहे. हिंदीशी असा दीर्घ सहवास असलेल्या ठिकाणी ‘किया गया’च्या वळणावर ‘केला गेला’ आणि ‘समिति द्वारा’च्या वळणावर ‘समितीद्वारा’ येणे स्वाभाविक आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र मराठीत ‘द्वारे’ प्रामुख्याने साधन दाखवते : पत्राद्वारे, टपालाद्वारे. कर्ता दाखवायचा असेल तर ‘ने’, ‘कडून’ किंवा ‘तर्फे’ अधिक नेमके आहेत.

६.७ इंग्रजीतील बोलणे आणि मराठीतील कार्यालय

इंग्रजीतील असे कर्मणी क्रियापदबंध ही घरातली भाषा आहे. मराठीतील ‘ण्यात आले’ ही सूचनाफलकाची भाषा आहे. हा मुख्य फरक न कळल्यामुळे भाषांतरात सर्वांत हास्यास्पद चुका होतात.

‘आय वॉज ब्रॉट अप बाय माय ग्रँडमदर’ याचे भाषांतर एका उत्तरपत्रिकेत ‘माझ्या आजीकडून मला वाढवण्यात आले’ असे आढळले. वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे. परंतु ही आजी आहे की बालसंगोपन विभाग, असा प्रश्न पडतो. मराठी माणूस म्हणेल : ‘आजीने मला वाढवले’ किंवा ‘मी आजीजवळ वाढलो’.

‘ही वॉज टोल्ड ऑफ’ याला मराठीत कर्मणीची गरजच नाही. आपण म्हणतो : ‘त्याला बोलणी बसली’, ‘त्याने बोलणी खाल्ली’. ‘मार खाणे’, ‘मार बसणे’, ‘दंड बसणे’, ‘तोंडघशी पडणे’, ‘पेचात सापडणे’ या साऱ्या वाक्प्रचारांत सोसणारा माणूस वाक्याच्या केंद्रस्थानी येतो आणि करणारा बाहेर राहतो. कर्मणी रचनेचे काम खाणे, बसणे, पडणे, सापडणे, मिळणे ही साधी क्रियापदे करतात. रोजच्या मराठीतील कर्तृलोप येथे वसलेला आहे.

‘द पॉवर वॉज कट ऑफ’ याचे भाषांतर करण्यापूर्वी आधी घटना विचारा. वादळाने तार तुटली असेल तर ‘लाइट गेली’. बिल थकले म्हणून कर्मचारी आला असेल तर ‘लाइट कापली’. अधिकृत सूचना असेल तर ‘वीजपुरवठा खंडित करण्यात आला’. इंग्रजीतील एक वाक्य मराठीत तीन वाक्ये मागते, कारण कोणी केले या प्रश्नाचे उत्तर मराठी क्रियापदाला आधी हवे असते.

मग कार्यालयीन मराठीत ‘ण्यात आले’ एवढे का मुरले? १९६०मध्ये राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराचे स्थान दिले. त्यापूर्वीचा कारभार मोठ्या प्रमाणात इंग्रजीत चालत असे व इंग्रजी टिप्पणीत निर्णय घेणारा ‘मी’ सहसा नसतो. ‘इट हॅज बीन डिसायडेड’च्या जागी ‘असे ठरवण्यात आले आहे’ बसले. त्यामागे एक योग्य कारणही आहे. निर्णय व्यक्तीचा नसून पदाचा असतो. आज एक अधिकारी असेल, उद्या दुसरा. ‘मतदान केंद्र शाळेत उभारण्यात आले आहे’ या वाक्यात उभारणाऱ्याचे नाव वाचकाला नको असते. कर्ता उघड असतो, गैरलागू असतो किंवा अज्ञात असतो, तेव्हा कर्तृलोप हा लेखनगुण आहे. परंतु निर्णयामुळे ज्याचे काही हिरावले गेले आहे, त्याला कर्ता हवाच असतो. तेथे कर्तृलोप हा दोष ठरतो.

६.८ कर्ता परत मागणे

वाक्यात नसलेला कर्ता वाचकाला मागता येतो. त्यासाठी क्रियापद बदलावे लागते. समुद्रपूरच्या विद्यार्थ्याने त्या दिवशी वर्गातच अर्ज पुन्हा लिहिला. ‘राहून गेले आहे’ खोडले आणि लिहिले : ‘आपल्या पत्रानुसार माझे नाव वगळण्यात आले आहे. ते कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या दिनांकाच्या निर्णयाने व कोणत्या कारणाने वगळले, याची माहिती मिळावी.’ विनंतीचे वाक्य कर्तरीकडे वळले. ‘अधिकाऱ्याने वगळले’ यात कर्ता परत आला.

या मागणीला कायद्याचाही आधार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४मध्ये प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकलेले आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ७नुसार माहितीचा अर्ज नाकारला तर नाकारण्याची कारणे, अपिलाची मुदत आणि अपील प्राधिकाऱ्याचा तपशील अर्जदाराला कळवावा लागतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ‘नाकारण्यात आले’ एवढे वाक्य कायद्याला पुरेसे वाटत नाही. ‘कोणी’ आणि ‘का’ यांची उत्तरे त्याला जोडावी लागतात.

काही आठवड्यांनी उत्तर आले. सातबाऱ्यावर अद्याप त्याच्या दिवंगत वडिलांचेच नाव होते, वारसाची फेरफार नोंद झालेली नव्हती, म्हणून त्याचे नाव वगळले होते. त्या हंगामाची मदत त्याला मिळाली नाही. परंतु दुरुस्ती कोठे करायची हे त्याला कळले आणि पुढल्या संपर्कसत्राला येण्यापूर्वी त्याने फेरफारासाठी अर्ज दिलेला होता. व्याकरणाने त्याला पैसे मिळवून दिले, असा दावा मी करणार नाही. योग्य दार कोणते, एवढे व्याकरणाने दाखवले.

६.९ सारांश

मराठीत पुढे ढकलणे, काढून टाकणे, निकाली काढणे यांसारखे क्रियापदबंध एकच क्रिया सांगतात आणि कर्मणी रचनेत येतात. कर्ता न सांगण्याच्या तीन पायऱ्या आहेत. ‘राहून गेले’ यात कर्ता नाही. ‘वगळले गेले’ यात कर्ता माणूस किंवा परिस्थिती असू शकते. ‘वगळण्यात आले’ यात मानवी कर्ता गृहीत असतो. संयुक्त क्रियापदातील टाकणे, लावणे, घेणे ही दुसरी क्रियापदे वगळलेल्या कर्त्याची वृत्ती टिकवून ठेवतात. इंग्रजीतील घरगुती कर्मणी वाक्यांसाठी मराठीत बहुधा अकर्मक क्रियापदे किंवा ‘खाणे–बसणे–पडणे’ यांचे वाक्प्रचार योग्य ठरतात. निर्णयाची झळ ज्याला लागते, त्याने कर्मणी वाक्य वाचून कर्त्याचा प्रश्न विचारला पाहिजे.

६.१० पारिभाषिक शब्द

क्रियापदबंध : एकच क्रिया सांगणारा दोन शब्दांचा समूह.
संयुक्त क्रियापद : धातुसाधित व साहाय्यक क्रियापद यांचा एकाच क्रियेचा बोध करून देणारा संयोग.
कर्तृलोप : वाक्यात कर्त्याचा उल्लेख नसणे.
पुराण कर्मणी : ‘इजे’प्रत्ययाची प्राचीन कर्मणी रचना.
नवीन कर्मणी : ‘कडून’ व ‘जाणे’ यांनी सिद्ध होणारी कर्मणी रचना.

६.११ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) क्रियापद ‘भाकरी’ या स्त्रीलिंगी कर्माप्रमाणे ‘भाजली’ असे झाले, म्हणून कर्मणी प्रयोग. कर्ता ‘आईने’ वाक्यात उपस्थित आहे, म्हणून कर्तृलोप नाही. (२) ‘ख’. विकण्याची एकच क्रिया आहे. ‘क’मध्ये जेवणे व झोपणे या दोन क्रिया आहेत.

प्रश्न – २ : (१) ‘खचणे’ हे अकर्मक क्रियापद आहे व खचण्यामागे मानवी कर्ता नसतो. योग्य वाक्य : ‘विहीर खचली’. (२) पहिल्या वाक्यात माहिती देणारा हाच कर्ता आहे. दुसऱ्या वाक्यात माहिती सांगणारा एक व ती काढून घेणारा दुसरा आहे. वाक्याचा कर्ता दुसरा. ती स्वेच्छेने दिली नसावी, अशीही छटा आहे.

६.१२ उपक्रम

तुमच्या घरी आलेले एखादे कार्यालयीन पत्र, बँकेची सूचना किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावरील मजकूर घ्या. त्यातील ‘ण्यात आले’ व ‘ण्यात येत आहे’ असलेली पाच वाक्ये वहीत उतरवा. प्रत्येक वाक्यापुढे कर्ता कोण, हे लिहा. कर्ता सांगता न आल्यास तो कोणाला विचारावा लागेल, ते लिहा. नंतर हीच पाच वाक्ये घरात वडीलधाऱ्यांना सांगायची झाल्यास तुम्ही कोणत्या शब्दांत सांगाल, हे तुमच्या बोलीत लिहा आणि दोन्ही रकान्यांतील क्रियापदांची तुलना करा. वही पुढील संपर्कसत्राला सोबत आणावी.